कुक्षी म्हणजे काय

शारदा : नको, चहा नको. बसायलाही आले नाही मी. पाळी चुकलीय, बाई.

वसुधा : अहो, मग त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? एक दिवस उशीर झाला तर कारखान्यातून काढून नाही टाकत कुणाला. तुमचे दिगंबरराव साहेबांना सांगून पाळी बदलून घेतील.

शारदा : त्यांची शिफ्ट नाही हो! सरोजची. आमच्या सरोजची पाळी.

वसुधा : अगंबाई. मी आपली भलतंच बोलत बसले. पण शारदाताई, या वयात होतं मागंपुढं. त्यातून दहावीची परीक्षा, जागरणं...

शारदा : तेवढंच असतं तर भर दुपारी अख्खी पिपलानी कॉलनी तुडवत तुमच्या क्वार्टरपर्यंत आले असते का? पोरगी स्वतः म्हणते. किती दिवस झाले, अन्नाला शिवत नाही. शेवटी न्हाणीघराशी गाठलं आणि म्हटलं, काय झालंय ते खरं बोल. तर माझ्या तोंडावर म्हणाली, आई, मला दिवस गेलेत.

वसुधा : सरोज? फळ्यासमोर उभी केली तर ओढणीचं टोक चावत बसते, ती?

शारदा : तीच. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, विनायक.

वसुधा : हा विनायक कोण?

शारदा : आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या जयंतरावांचा मुलगा. पॉलिटेक्निकला जातो. काकू काकू करत होळीला माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेला, मेला. काय केलं त्यानं, म्हटलं. तर म्हणते, रंग लावला! म्हटलं, रंग लावला काय, रंग उधळले म्हण की सरळ.

वसुधा : मग पुढं काय म्हणाली?

शारदा : पुढं मी विचारलंच नाही. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? एक थोबाडीत दिली आणि तिथंच बसून रडले.

वसुधा : दिगंबररावांना सांगितलंत?

शारदा : सांगावंच लागलं. तसेच उठले. चपला घातल्या, जयंतरावांच्या दारात गेले आणि सगळ्या लाइनीसमोर त्या पोराला मारलं. मग ग्वाल्हेरला बहिणीकडे ट्रंककॉल लावला. तिनं तिकडे स्थळ हेरून ठेवलंय. बिजवर आहे, पहिलीची मुलं आहेत. पण फार चौकशी करणार नाही म्हणे. उद्या सकाळच्या गाडीनं हे तिला घेऊन निघतायत. शाळा बंद, परीक्षा बंद, सगळं बंद.

वसुधा : अहो, पंधरा वर्षांची पोर ती!

शारदा : ते मला नका सांगू. मला यांनी पाठवलंय, त्या मास्तरणीला विचारून ये म्हणून. पोरगी रडता रडता सारखी एकच म्हणते, बहनजींनी शिकवलं, बहनजींनी शिकवलं. काय शिकवलंत तुम्ही वर्गात?

वसुधा : मी? होळीच्या आधी मी फुलाचं प्रजनन शिकवलं. पुस्तकात आहे ते.

शारदा : प्रजनन! घ्या. आणि वर सांगताय.

वसुधा : फुलांचं हो, शारदाताई. जास्वंदीचं, धोत्र्याचं. त्यात कुणाची इज्जत जात नाही. सरोज आहे कुठं आत्ता?

शारदा : फाटकाशी उभी आहे. घरात एकटी ठेवायची हिंमत होत नाही, म्हणून बरोबर घेऊन हिंडतेय. आत ये म्हटलं तर येत नाही.

वसुधा : सरोज! ये बाळ आत. कुणी रागावणार नाही.

(सरोज येते, पण दाराच्या चौकटीला धरून उभी राहते.)

वसुधा : बस. नाही बसायचं तर राहू दे. मला फक्त सांग, रंग खेळताना काय झालं? पहिल्यापासून सांग.

सरोज : सगळे लाइनीत खेळत होतो, बहनजी. विनायक पीछे से आला आणि त्यानं मूठभर गुलाल मारला. मी पलटले, तर गुलाल समोरून पोटावर पडला.

वसुधा : मग?

सरोज : मग मी त्याच्यावर बालटी ओतली.

वसुधा : आणि त्यानंतर?

सरोज : त्यानंतर त्याच्या आईनं सगळ्यांना गुजिया दिल्या.

वसुधा : नीट ऐक हं. त्यानं कधी तुला एकटीला गाठलं, कुठं नेलं, अंगाला हात लावला? त्यानं किंवा दुसऱ्या कुणी? असं काही असेल तर दोष तुझा नसतो. मोकळेपणानं सांग.

सरोज : नाही, बहनजी! कसम से. फक्त गुलाल. पण तो पिवळा होता.

शारदा : पिवळा होता म्हणजे काय गं?

सरोज : बहनजींनीच सांगितलं होतं ना. पराग म्हणजे पिवळी भुकटी, नर की होती है. उडत येते, कुक्षी पर गिरती है, बस, फल बनना शुरू. पेपरला नक्की येणार म्हणाल्या होत्या, म्हणून मी पाठ केलं.

वसुधा : आणि कुक्षी म्हणजे काय?

सरोज : पेट. पुस्तकात तो शब्दच मिळाला नाही, तर मी लायब्ररीतल्या डिक्शनरीत बघितला. कुक्षि म्हणजे पेट, कोख.

वसुधा : अरे देवा. फुलाच्या त्या टोकाला तुमच्या हिंदी पुस्तकात वर्तिकाग्र म्हणतात गं! मी साताऱ्याच्या शाळेत मराठीतून शिकले. बोलता बोलता माझा शब्द बाहेर पडला आणि वर्गात एकीनंही हटकलं नाही.

शारदा : थांबा, थांबा. म्हणजे इतकंच? गुलाल?

वसुधा : इतकंच.

सरोज : पण मग पाळी का नाही आली, बहनजी?

वसुधा : पोटात अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, वर ही धास्ती. येईल कशी? तरी आपण दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवू. पण तुला दिवस गेलेले नाहीत, सरोज. गुलालानं जात नाहीत. पिवळ्यानं नाहीत आणि लालनंही नाहीत.

सरोज : पक्कं?

वसुधा : पक्कं. इकडे ये. ही कुंपणावरची जास्वंद बघ. मधली ही लांब दांडी, तिच्या अंगाला चिकटलेले पिवळे दाणे हा पराग. आणि अगदी टोकाला या पाच लाल टिकल्या, ही कुक्षी.

शारदा : एवढी वर?

वसुधा : हो ना. पराग हिच्यावर पडला की त्याला नळी फुटते. ती या दांडीच्या आतून खाली खाली जाते, तेव्हा कुठं या हिरव्या वाटीत झाकलेल्या अंडाशयाशी पोचते. तिथं बीजांडं असतात, त्यांचं बी होतं. तेसुद्धा पराग मानवला तर. आंब्याचा मोहोर आणून हिच्यावर झाडलात तरी काही व्हायचं नाही. आणि ही बया तर रोज फुलते, रोज पराग सांडते, पण अजून एक बी धरलेलं नाही. आनंद नगरातून फांदी आणून खोचली, तीच वाढली.

सरोज : आणि माणसांत, बहनजी?

वसुधा : ते सांगेन तुला. तुझ्या आईसमोर, तिची हरकत नसेल तर.

शारदा : सांगा. मीही ऐकते. चार बाळंतपणं झाली माझी, पण आत काय होतं ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. देवानं कूस उजवली म्हणायचं आणि ओटी भरून घ्यायची.

सरोज : आई, तू पुढचं का नाही विचारलंस मला? मी सगळं सांगितलं असतं.

शारदा : कोणत्या तोंडानं विचारू गं? माझ्या आईनं मला कधी काही विचारलं असतं, तर आले असते ना मला ते शब्द. तुला मारलं मी. खरं ऐकण्याआधीच मारलं.

सरोज : विनायक विचारत होता, काका, मी काय केलं? बाबा मारत होते आणि तो विचारत होता.

वसुधा : शारदाताई, चला. मी येते तुमच्याबरोबर. दिगंबररावांना मी समजावते.

शारदा : नको. तुम्हाला दारात बघूनच भडकतील. आणि परक्या बाईनं असलं काही काढलं की उठून जातील, ऐकणारच नाहीत. त्यांना मलाच सांगायला हवं. आजच.

वसुधा : सांगाल ना?

शारदा : लग्नाला अठरा वर्षं झाली. या गोष्टीवर आमच्यात एक अक्षर बोलणं झालेलं नाही. पण बोलले नाही तर उद्या ही गाडीत बसेल.

सरोज : आणि बाबा जयंतकाकांकडे जातील ना? विनायकला सांगायला?

शारदा : तेही बघते. आधी पहिलं तर निभावू दे. बाई, हे फुलाचं परत एकदा सांगा. आणि जरा सोप्या शब्दांत सांगा, त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघतील अशा.