मानपाड्याचा टँकर आणि माझी पीडीएफ

अरे, तुम्ही कसलं टेन्शन सांगता! नव्याण्णव साली मी मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबचे रिपोर्ट दाखवणारा प्रोग्रॅम बसवायला गेलेलो. भरलेला टँकर टेस्ट रिपोर्टसाठी गेटवर खोळंबलेला, आणि ब्राउझरमध्ये पीडीएफऐवजी स्क्रीनभर गिचमिड!

मॅनेजर सावंत डोक्यावर उभे. “अजून किती वेळ?”

“साहेब, ही पीडीएफ आहे हे ब्राउझरला सांगणारी ओळच राहिली. पाच मिनिटं!”

भराभर ओळ टाकली. रिपोर्ट स्वच्छ उघडला. प्रिंट घेऊन गेटवर धावलो, तर टँकर नाही!

“कधीच गेला,” म्हणत वॉचमनने गेटवर ठेवलेली रिपोर्टची कॉपी दाखवली. तीच गिचमिड छापलेली, खाली लॅबच्या बाईंचा सही-शिक्का: ‘तपासले, योग्य आहे.’

मी माझा रिपोर्ट पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला.

“ह्याच्यावर शिक्का कुठाय?”