लाल फडक्यातला बोरू

(सन १९३८. सेलूचं स्टेशन, सकाळची वेळ. फलाटावर पत्र्याची पेटी, वळकटी आणि भाकरीचं गठुडं. माणिकराव मुलाची, चंद्रभानची, वाट बघत येरझाऱ्या घालत आहेत, त्यांची थोरली बहीण दगडाबाई पेटीवर बसली आहे.)

माणिकराव : अगं आक्का, गाडीनं परतूर सोडलं म्हणायलेत स्टेशनमास्तर! आन आपलं पोरगं पहाटपासून गायब!

दगडाबाई : येईल रे माणिका. तू बस की जरा. मघापासून धोतराच्या सोग्यानं सगळं स्टेशन झाडायलास.

माणिकराव : बसू कसा? आपल्या घराण्यात पयला मॅट्रिक पास! काल गावानं हलगी वाजवत शिवंपर्यंत सोडलं आपल्याला. उद्या हैदराबादेत दिनकरराव वकिलांच्या घरी. दोन सालांत वकालतचा इम्तिहान. मंग काळा कोट! कचेरीत शिपाई वाकून म्हणंल, "आइये वकीलसाब!"

दगडाबाई : तो बघ, आला पळत. काळा कोट तर आत्ताच घालून आलाय!

माणिकराव : चंद्रभान! अरे काय ध्यान हे! नवा सदरा! कोपरापर्यंत तेल! कुठं लोळत होतास?

चंद्रभान : दादा, चाललं! आत्या, इंजिन चाललं!

माणिकराव : कुणाचं इंजिन? गाडी आली?

चंद्रभान : गाडीचं न्हाई, जिनिंगचं! तीन दिवस बंद होतं. बैलगाड्यांची रांग पार वेशीपर्यंत, कापूस तसाच पडलेला. म्हातारे मिस्त्री तापानं फणफणलेले. ते खाटंवर पडून सांगायलेत आन मी खोलायलोय. सगळे म्हणत होते आतला दांडा मोडला. मी कान लावून ऐकलं, दादा. दोन ठोके देऊन मरायचं. म्हणलं, हे उपाशी हाय! तेलाची नळी सोडली, फुंकली, तर आतून कापसाचा एवढासा बोळा! एवढासाच! नळी बसवली, चाक फिरवलं आन धडाड! कापसातली सरकी काढायचे सोळाच्या सोळा रेचे एकदम फिरायला लागले, सरकी गाळायला लागले. गाडीवानांनी पटके उडवले!

दगडाबाई : बया! आन हे तू केलंस?

चंद्रभान : ह्या हातांनी, आत्या!

माणिकराव : झालं कौतुक. आता त्या नळावर जा, हात धू. दिनकररावांसमोर हे हात घेऊन उभा राहणार हायस का?

चंद्रभान : दादा, मी दिनकररावांकडं न्हाई जाणार.

माणिकराव : काय?

चंद्रभान : गाडी हीच. तिकीट हेच. पर मी सिकंदराबादेत उतरणार. मिस्त्रींनी चिठ्ठी दिलीय. तिथं रेल्वेच्या कारखान्यात त्यांचे दोस्त हायेत. शागीर्द म्हणून घेतील, रेल्वेची इंजिनं खोलायला शिकवतील. ही बघा!

माणिकराव : फाड ती चिठ्ठी! मॅट्रिक होऊन लोहाराचं काम करणार? लोकांनी हलगी कशासाठी वाजवली? अरे, हे मी ठरवलेलं न्हाई, देवानं ठरवलंय! आठव्या महिन्यात तुझं उष्टावण झालं. मामानं खीर चाटवली, आन तुझ्यापुढं ताट मांडलं. ज्वारी, विळा, रुपया, हातोडी आन लिहायचा बोरू. लेकरू ज्याला हात घालील त्याच्यावर त्याचं पोट भरणार. आन तू बोरू धरलास! ह्योच. बघ. एकोणीस वर्सं लाल फडक्यात गुंडाळून ठेवलाय. आज तुझ्या खिशात घालायला आणलाय.

चंद्रभान : ठाव हाय, दादा. त्याच्यामुळंच तर आजवर दुसरं कायबी मनात आणलं न्हाई.

दगडाबाई : त्यानं न्हाई धरला.

माणिकराव : काय न्हाई धरला?

दगडाबाई : बोरू. त्यानं न्हाई धरला, माणिका. म्या धरवला.

माणिकराव : आक्का, ही चेष्टेची वेळ न्हाई.

दगडाबाई : चेष्टा केली ती तवा केली. तू भाईर सोयऱ्यांना पान-सुपारी देत होतास. हा ताटाकडं ढुंकूनबी बघंना. रांगत रांगत सरळ कोपऱ्यातल्या जात्याकडं गेला. खुंट्याला धरून उभा राह्यला आन लागला ओढायला. जातं बोटभर हाललं, कुरकुरलं, की हा खुदकन हसायचा. पुन्हा ओढायचा.

चंद्रभान : जातं? आत्या, खरंच? मी जातं फिरवायलो होतो?

दगडाबाई : हौ रे बाबा! बाया पदर तोंडाला लावून हसायल्या. म्हणल्या, हा तर जल्मभर बायकांवाणी दळण दळणार. तुझी माय जाऊन चार महिनेबी झाले नव्हते. बिनमायच्या लेकराला हसल्या म्हणून मला लय लागलं. तेवढ्यात माणिकाचा आवाज आला. म्या तुला उचललं, ताटापुढं बसवलं आन बोरू मुठीत कोंबला. म्हणलं, बघ रे माणिका, तुझा वकील!

माणिकराव : आन एकोणीस वर्सं तोंड शिवून बसलीस!

दगडाबाई : बोलू कवा? तू तर त्याच सांजंला गावभर साखर वाटून आलास.

माणिकराव : आन तू रे? तुला तर बोलता येत होतं. कामून न्हाई बोललास?

चंद्रभान : चालायला लागलो तवापासून सगळा गाव मला वकीलसाहेब म्हणायलाय, दादा. मास्तर तेच, मामा तेच. मलाबी वाटलं, मी वकीलच हाय, नुसता इम्तिहान राह्यलाय. तुला काय आवडतं, असं कुणी विचारलं न्हाई. आन खरं सांगू? मीबी मला विचारलं न्हाई. आज ते इंजिन धडाडलं आन मला रडायलाच आलं. एवढा आनंद मला पास झाल्यावरबी झाला नव्हता.

माणिकराव : मंग मी एकोणीस वर्सं हे काय जपलं?

दगडाबाई : तुझंच जपलंस. माणिका, तुझ्या उष्टावणाला मी आठ वर्सांची होते. तुझ्या ताटात काय होतं, सांगू? विळा. दुसरं कायबी न्हवतं. आबा म्हणले, कुणब्याच्या पोराला आणखी काय पाह्यजे!

माणिकराव : असू दे गं ते.

दगडाबाई : कामून असू दे? ढोरं वळायला धाडलं की ती सोडून तू पार चारठाण्याच्या शाळेच्या भिंतीमागं बसायचास आन धुळीत बोटानं गिरवायचास. आबांनी फोकानं बडवत घरी आणलं तुला. ह्याच्या ताटात बोरू पाह्यजे म्हणून तीन कोस चालत जाऊन त्याच शाळेच्या मास्तरांकडून मागून कुणी आणला? तूच ना?

चंद्रभान : दादा, मला हे ठाव न्हवतं.

माणिकराव : गाडीची शिट्टी झाली.

चंद्रभान : दादा, तुमी म्हणत असाल तर मी दिनकररावांकडंच जातो. आत्ता, तुमच्या तोंडानं सांगा.

माणिकराव : मास्तरांनी दिनकररावांच्या नावानं दिलेली चिठ्ठी कुठाय?

चंद्रभान : ही. खिशात.

माणिकराव : आण इकडं. आन ती मिस्त्रीची नीट आत ठेव, तेलकट करू नको. कारखान्याच्या साहेबाला पयला सलाम कर. कुणी लोहार म्हणलं तर म्हणू दे.

चंद्रभान : दादा!

माणिकराव : पाया नंतर पड, आधी पेटी चढव! गाडी दोन मिनिटंच थांबती! अरे, वळकटी राह्यली! आक्का, भाकरी दे त्याला!

दगडाबाई : घे लेकरा. चटणी वरच्या फडक्यात हाय.

चंद्रभान : दादा, गावाला काय सांगणार?

माणिकराव : सांगीन, माझा पोरगा मॅट्रिक पास होऊन आगगाडी दुरुस्त करायला गेलाय! पुन्हा हलगी वाजवायला लावतो की न्हाई बघ! जा! डोकं आत घे!

चंद्रभान : आत्या, जात्याला तेल घाला माझ्या नावानं!

दगडाबाई : गाढवा, जात्याला कुणी तेल घालतं का! गेला. गेला बघ, माणिका. चल आता, बैल उन्हात उभे हायेत.

माणिकराव : थांब जरा. बस हितं. हे फडकं सोड.

दगडाबाई : आता कशाला सोडायचं ते?

माणिकराव : माझ्या उष्टावणाला मला बोरू कुणी दिला न्हाई. आता तू दे, आक्का. तुझ्या हातानं माझ्या मुठीत दे.