जपानचा फ्लॅश

हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटत नाही. त्यामुळे मेन रोडवरच्या भरल्या दुकानात मी बोलले, हे तुम्हाला खोटं वाटेल. पण झालं ते असं.

बाबा लग्नाचे फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी ओझरला लग्न होतं आणि आठवड्यापूर्वी घेतलेला नवा फ्लॅश पेटेचना. जिथून घेतला, त्याच दुकानात आम्ही तो घेऊन गेलो.

शेठ म्हणाले, “दादा, माल जपानचा. गॅरंटी तिकडची, कायदाही तिकडचा. तक्रार जपानला करा.”

“अहो, पण उद्या लग्न आहे,” बाबा म्हणाले.

“मी काय करू?”

बाबा फ्लॅश पिशवीत ठेवू लागले. तेवढ्यात शेजारी कॅमेरा बघत असलेल्या बाईंनी विचारलं, “हासुद्धा जपानचाच ना? बिघडला तर?”

“बिनधास्त घ्या ताई! मी बसलोय ना इथे!”

माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, आमच्या वेळी तुम्ही जपानला गेला होता का?”

दुकानात हशा पिकला. बाईंनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. “आधी यांचं मिटवा. मग माझं बघू.”

शेठनी मुकाट्याने नवा फ्लॅश काढून दिला. बाबांनी तो तिथेच आपल्या कॅमेऱ्यावर चढवला, शेठवर रोखला आणि म्हणाले, “हसा शेठ!”

लख्ख उजेड पडला. शेठ सोडून सगळे हसले.