आवाज गेला, पण गेला कुठे?

…नाही, आवाज गेला हे मला मान्य आहे, गाडी दुरुस्त करणाऱ्यांना मान्य आहे, फक्त आमच्या ह्यांना मान्य नाही. तीन आठवडे घरात एकच प्रश्न… आवाज गेला, पण गेला कुठे?

तुम्हाला सांगते, सुरुवातीपासूनच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हे मुळातच असे आहेत. आहेतच, पण इतके नव्हते. सासूबाईंचे गुडघे गेले, बसची पायरी चढवेना, आणि त्यांची धाकटी बहीण घाटाच्या पलीकडे, नव्वद किलोमीटरवर. दोघींची दोन वर्षं गाठ नाही, नुसत्या फोनवर, त्यात दोघींनाही कमी ऐकू येतं, म्हणजे एक विचारते औषध घेतलंस का आणि दुसरी म्हणते, हो, कालच धुतलं. म्हणून ह्यांनी गाडी घेतली, नवी कोरी, आणि चौथ्या महिन्यात पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज… टक. वळलं की टक, खड्डा आला की टक. हे म्हणाले, असल्या गाडीतून आईला घाट उतरवणार नाही, आधी आवाज काढून घेतो.

वॉरंटीत होती ना गाडी, मग काय अडचण? गेलो. शोरूममध्ये टाय लावलेला एक माणूस, अगदी गोड बोलणारा, ह्यांच्या शेजारी बसून चक्कर मारून आला. वाटेत आवाज झाला? छे. परक्या माणसासमोर आमची गाडी कशाला बोलतेय. "सर, तसं काही जाणवत नाहीये." दुसऱ्यांदा नेली, त्याच्यासमोर टक झाला, तर म्हणाला, "सर, हा नॉर्मल आवाज आहे, सगळ्यांना येतो." हे म्हणाले, "सगळ्यांना ताप येतो, म्हणून तो नॉर्मल का?" तिसऱ्यांदा मात्र ठेवून घेतली, दोन दिवसांनी दिली, सोबत कागद… खालचा एक दांडा बदलला, वॉरंटीत, काही देणं नाही.

आता एखादा माणूस आनंदाने घरी आला असता की नाही? पण ह्यांनी काय केलं होतं माहितीये? गाडी सोडायच्या आदल्या दिवशी गाडीखाली झोपून त्या दांड्यावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. लाल. मला न विचारता. घरी आल्याबरोबर पुन्हा गाडीखाली, मी नुसते पाय बघत उभी. विचारलं, "आहे का ठिपका?" म्हणाले, "नाही." म्हटलं, "झालं तर मग, बदललाय." गाडीखालून उत्तर आलं, "पुसलाही असेल."

आता बोला. पुसलाही असेल. मग दुसऱ्या दिवसापासून रेडिओ बंद, काचा खाली, गाडीत बोलायचं नाही, आणि हे मान तिरकी करून गाडी चालवणार. काहीच ऐकू येईना, तसा ह्यांचा संशय वाढायला लागला. "काहीतरी कोंबलंय आत. आवाज दाबलाय." आवाज गेला, पण गेला कुठे?

शेवटी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "दांडा नवा वाटतोय. पण नीट बसवलाय का, ते खोलल्याशिवाय सांगता येणार नाही. खोलू?" हे म्हणाले, "खोला." तो म्हणाला, "पण मी खोललं की तुमची वॉरंटी गेली." आमच्या ह्यांनी गाडी तशीच घरी आणली. खात्री करून घ्यावी तर वॉरंटी जाणार, वॉरंटी ठेवावी तर खात्री नाही. सांगा, माणसाने करायचं काय?

सासूबाईंनीच सोडवलं. गेल्या रविवारी आवरून, पिशवी घेऊन, जाऊन गाडीतच बसल्या. म्हणाल्या, "अरे, गाडी बरी व्हायची वाट बघत बसले तर आमच्या दोघींतली एक जाईल. चल." ह्यांनी किल्ली घेतली. निघालो. सबंध घाट दुसऱ्या गिअरमध्ये, मागे ट्रकवाले हॉर्न देतायत, मी जीव मुठीत धरलेला… आणि चाकातून हूं नाही की चूं नाही. दारात मावशी काठी टेकून उभ्या होत्या. दोघी बहिणी हात हातात धरून नुसत्या बसल्या, अर्धा तास एक शब्द नाही. मला भरून आलं. वळून ह्यांच्याकडे बघते तर हे जागेवर नाहीत.

शेजारच्या मास्तरांच्या अंगणात होते. मास्तरांकडे हीच गाडी, चार वर्षं जुनी. हे त्यांच्या शेजारी बसून चक्कर मारून आले, आणि उतरले तेव्हा चेहरा कसा फुललेला. मास्तरांचा मात्र उतरलेला.

काल मास्तरीणबाईंचा फोन. म्हणाल्या, "अहो, तुमच्या ह्यांनी आमच्या ह्यांना काय ऐकवलं? चार वर्षं सुखात होतो. आता हे रेडिओ लावू देत नाहीत, मला गाडीत बोलू देत नाहीत, वळलं की म्हणतात, ऐक, आला बघ."

मी विचारलं, "वॉरंटी आहे का तुमची?"

म्हणाल्या, "नाही हो, केव्हाच संपली."

म्हटलं, "मग सुटलात. निदान कुणी दुरुस्त तरी करून देणार नाही."