खैरटोल्याची मुक्कामी गाडी

पोलीस स्टेशन चिंचघाट, जि. गडचिरोली
जबाब, दिनांक १३ फेब्रुवारी २०२५

नाव : कांता लहानू बांबोळे, वय ४१ वर्षे, धंदा : शेती व मजुरी, शिक्षण : सातवी, राहणार खैरटोला.

मी आज पोलीस स्टेशनला बोलावल्यावरून हजर आहे. महिला पोलीस अंमलदार समोर बसल्या असताना मला विचारपूस करण्यात आली, त्यावरून मी तोंडी सांगते ते असे की, मी वरील गावी पती लहानू व मुली दीपाली आणि पिंकी यांच्यासह राहते. दीपाली हिचे वय सतरा आहे. पुन्हा विचारल्यावरून सांगते की, होते. ती तालुक्याच्या कॉलेजात बारावी विज्ञान शाखेला होती. पिंकी नववीत आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच असल्याने पुढे शिकणाऱ्या मुलींना तालुक्याला जावे लागते.

गावाला एकच बस होती. ती संध्याकाळी तालुक्यावरून यायची, रात्री गावात मुक्कामी राहायची आणि सकाळी परत जायची. ड्रायव्हर, कंडक्टर शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचे. त्यांचे जेवण गावातून घरोघरच्या पाळीने जायचे. शाळेच्या मुली, दवाखान्याचे पेशंट, बाजाराला जाणाऱ्या बाया, सगळे त्याच गाडीने जात होते. गावापासून मोठ्या रस्त्याचा फाटा पायी दोन तासांच्या वाटेवर आहे. मधात जंगल आहे. दुसरी गाडी त्या रस्त्याने येत नाही.

मागच्या सप्टेंबर महिन्यात एके दिवशी कंडक्टर जेवताना माझ्या पतीला म्हणाला की, प्रवासी कमी असल्याने महिन्याच्या अखेरीस ही मुक्कामी गाडी बंद होणार आहे. त्यावरून गावात बैठक झाली. बैठकीला विहारातले लोक, ढिवर मोहल्ल्यातले लोक, सगळे आले होते. गावच्या तलावात मासेमारी करणारे दादाजी दिघोरे हे बैठकीत म्हणाले, "प्रवासी नाई म्हणतेत, तर आपण होऊ प्रवासी." सर्वांना ते पटले.

त्यानंतर गाडी बंद होईपर्यंत गावातले लोक रोज बसने तालुक्याला गेले. ज्यांना काम नव्हते तेही गेले. म्हाताऱ्या बाया दिवसभर बसस्थानकावर बसून राहायच्या, घरून नेलेला भात खायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायच्या. लटारू नावाच्या म्हाताऱ्या माणसाला बसमध्ये ओकारी होते. तो रोज पिशवी घेऊन गेला. गाडीत उभे राहायला जागा नसायची. कंडक्टर हसत होता. आम्हाला वाटले की आता गाडी राहील.

महिना संपल्यावर गाडी आली नाही. आम्ही काही लोक फाट्यापर्यंत चालत जाऊन आगारात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितले की, पावसाळ्यातल्या महिन्यांची प्रवासी संख्या पाहून निर्णय आधीच झाला आहे. पावसाळ्यात वाटेतल्या नाल्याला पूर असतो. तेव्हा गाडी फाट्यावरूनच परत जायची, गावापर्यंत येतच नव्हती. तसे आम्ही साहेबांना सांगितले. ते म्हणाले की मला कळते, पण माझ्या हातात काही नाही. त्यांनी आम्हाला चहा पाजला.

ऑक्टोबर महिन्यात आम्ही फाट्यावर रस्ता रोखला. त्या वेळी याच पोलीस स्टेशनचे लोक आले होते. तुमचे म्हणणे वर कळवतो, असे सांगून त्यांनी आम्हाला समजावून उठवले. आम्ही उठलो. कोणीही दगड उचलला नाही. पुढे काय कळवले ते मला माहीत नाही.

त्यानंतर मुली फाट्यापर्यंत चालत जाऊन तिथून मोठ्या रस्त्याची बस धरू लागल्या. सकाळ-संध्याकाळ गावातली गडीमाणसे काठ्या घेऊन सोबत जायची. नंतर धानाची कापणी लागली आणि माणसे मिळेनाशी झाली. त्याच दिवसांत नाल्याजवळ वाघाने गाय मारली. जंगलखात्याच्या लोकांनी येऊन सांगितले की, या रस्त्याने एकट्यादुकट्याने जाऊ नका. एकेक मुलगी घरी बसू लागली. दादाजी दिघोरे यांची मुलगी दामिनी ही दीपालीच्याच वर्गात होती व दोघी लहानपणापासून सोबत होत्या. घरी बसवून काय करायचे म्हणून डिसेंबर महिन्यात तिचे लग्न अहेरीकडे करून दिले. लग्नात दीपाली दिवसभर तिच्याजवळ बसून होती. घरी आल्यावर जेवली नाही.

माझे पती दीपालीला म्हणाले की, तूही आता राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. त्यावर ती म्हणाली, "बाबा, परीक्षेपर्यंत मले जाऊ द्या. मंग तुमी म्हणाल ते करीन." तिला नर्सिंगला जायचे होते. 

दुसऱ्या दिवशी मी व गावातल्या आणखी काही बाया दादाजी दिघोरे यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा अमर, वय अंदाजे चोवीस, याच्याकडे मासे वाहून नेण्याची लहान मालवाहू गाडी आहे. सकाळी तो तालुक्याच्या बाजारात मासे नेतो. मुलींना सोबत ने, असे आम्ही त्याला म्हटले. तो म्हणाला, "काकू, मालाची गाडी आहे. मागं पोरी बसवल्या तर पोलीस मलेच पकडतीन." आम्ही पुन्हा म्हटले. तो नाहीच म्हणत होता. तेव्हा त्याची आई गोकुळा घरातून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "दामिनीच्या वेळेस बी गाडी अंगणातच उभी होती, बाबू."

 अमर उठून तलावाकडे निघून गेला. आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन आमच्या दारासमोर उभा होता.

तेव्हापासून मुली त्या गाडीने जात होत्या. ज्या घरी बसल्या होत्या त्यातल्याही काही परत जाऊ लागल्या. पिंकीही जायची. मागे बर्फाच्या पेट्या असायच्या, त्यांच्यावर लहान मुली बसायच्या आणि मोठ्या मुली केबिनची सळई धरून उभ्या राहायच्या. अमर रोज संध्याकाळी गाडी तलावावर नेऊन धुवायचा, तरी माशांचा वास जात नव्हता. वर्गातल्या मुली नाक दाबतात म्हणून दीपाली दुसरी ओढणी सोबत न्यायची व कॉलेजच्या आधी बदलायची. ती याबद्दल मला कधी बोलली नाही. मी धुण्यात दोन ओढण्या पाहून विचारले, तेव्हा पिंकीने सांगितले.

मुलींसोबत रोज एका घरची बाई जाईल, असे आम्ही ठरवले होते. दिनांक ६ फेब्रुवारी रोजी माझी पाळी होती. त्या दिवशी दीपालीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सकाळी धुके होते. सातच्या सुमारास आम्ही गावातून निघालो. गाडीत मी धरून दहा जणी होतो. पिंकीला थंडी वाजत होती म्हणून दीपालीने तिला माझ्याजवळ पेटीवर बसवले व आपण कडेला उभी राहिली.

नाल्याच्या आधी उतार आहे. तिथे अमरने गाडी हळू केली होती. तेवढ्यात रानडुकरांचा कळप आडवा आला. अमरने ब्रेक मारला. गाडी घसरली. नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे ठेंगण्या पुलाचा, कडेचा भाग पावसाळ्यात वाहून गेला आहे, तो अजून बांधला नाही. तिथे चाक उतरले आणि गाडी एका अंगावर पडली. मी व पिंकी बाजूच्या धानाच्या बांधीत फेकल्या गेलो. मला खांद्याला लागले. मी उठून पाहिले तर बाकी मुली रडत होत्या, काहींना खरचटले होते. दीपाली गाडीच्या कडेच्या फळीखाली होती. अमर, मी व मोठ्या मुलींनी मिळून गाडी उचलून तिला बाहेर काढले. तिला वरून काही जखम दिसत नव्हती.

तिथे मोबाईलला रेंज नसते. अमर फाट्याकडे पळत गेला. मी दीपालीचे डोके मांडीवर घेऊन रपट्यावर बसले. पिंकी तिच्या पायाशी बसली होती. दीपाली बोलत होती. ती म्हणाली, "आई, बाईले फोन कर ना. प्रॅक्टिकल उद्या घेतीन का म्हणून विचार." मी म्हटले, करते. माझ्या हातात फोन होता. मी तो कानाला लावला आणि रेंज नसताना बोलले. घेतो म्हणतात, असे तिला सांगितले. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिने पाणी मागितले. नाल्यात पाणी नव्हते. एका मुलीच्या बाटलीतले पाणी दिले, ते तिला गिळता आले नाही.

त्या रस्त्याने कोणीही आले नाही. आधी त्याच वेळेला बस तिथून जायची. हे मला विचारलेले नाही, मी स्वतःहून सांगत आहे.

किती वेळाने ते सांगता येणार नाही, पण धुके उठले होते, तेव्हा अमर फाट्यावरून एका ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाचे तणीस टाकून दीपालीला ठेवले. फाट्यावर ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितले की ती वाटेतच गेली होती. माझ्या मते ती ट्रॉलीतच गेली. मी तेव्हा कोणाला सांगितले नाही, कारण पिंकी तिचा हात धरून बसली होती.

विचारल्यावरून सांगते की, अमर दारू पीत नाही. त्या दिवशीही प्यायलेला नव्हता. तो गाडी जोरात चालवत नव्हता. मालाच्या गाडीत माणसे बसवणे गुन्हा आहे हे त्याला माहीत होते. ते आम्हालाही माहीत होते. आम्हीच त्याच्या घरी जाऊन त्याला मुली न्यायला लावले. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. माझ्या पतीचीही नाही. त्याला अटकेतून सोडून द्यावे असे मी जबाब घेणाऱ्या साहेबांना म्हटले असता, ते आता कोर्टाच्या हातात आहे असे सांगण्यात आले.

तुमची तक्रार मग कोणाविरुद्ध आहे, असे साहेबांनी विचारले. मी सांगितले की, ज्यांनी गाडी बंद केली त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार लिहून घ्या.  साहेब म्हणाले, "बाई, गाडी आली नाही याचा गुन्हा होत नाही." मी म्हटले, तरी लिहा. त्यांनी ते माझ्या सांगण्यावरून वर लिहिले आहे. त्यावर पुढे कारवाई होणार नाही, हेही मला समजावून सांगितले आहे.

दीपालीला गावी आणल्यावर दादाजी दिघोरे आमच्या अंगणाच्या बाहेर येऊन बसले होते. मातीवरून परत आल्यावरही ते तिथेच होते. माझे पती त्यांना आत या म्हणाले, पण ते आले नाहीत. गोकुळा अजून आमच्या घराकडे आलेली नाही. मी पण तिच्याकडे गेले नाही. दामिनी सासरहून आली होती. ती एक रात्र माझ्याजवळ झोपली व परत गेली.

आता गावातली एकही मुलगी तालुक्याला शिकायला जात नाही. शाळेचे एक सर मोटारसायकलने पिंकीला भेटायला आले होते. परीक्षा जवळ आली आहे, मुलीला पाठवा, असे म्हणाले. माझ्या पतीने त्यांना विचारले, "कशानं पाठवू, सर?"  पिंकी आतून बाहेर आली नाही. आता ती माझ्यासोबत मजुरीला येते. दप्तर तिने स्वतःच उचलून माळ्यावर ठेवले. मी तिला तसे करायला सांगितले नव्हते.

अमरची गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात उभी आहे. आज येताना मी ती पाहिली. पेट्या काढून खाली ठेवल्या आहेत.

साहेबांनी मला समज दिली आहे की, या प्रकरणात कोर्टाने बोलावल्यास मला तालुक्याला तारखेवर सकाळी वेळेत हजर राहावे लागेल. कशाने येऊ, असे मी विचारले. 

मला लिहिता-वाचता येते. वरील मजकूर साहेबांनी मला वाचून दाखवला व नंतर मी स्वतः वाचला. मी जे बोलले तेच यात लिहिले आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करते.

सही
कांता लहानू बांबोळे