मुदखेडला बंद पडणारी फटफटी

गाड्यांतलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या नांदेडात कुणाला कळत नाही. परवा बॅटरीच्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं, असं विचारलं आणि सगळं शोरूम हसलं, तेवढं सोडून द्या.

पुण्याच्या लेकीकडं जायला गाडी घ्यायची होती. आमच्या ऐपतीत एकच बसत होती, तीही लहान बॅटरीची. सेल्समन म्हणाला, "काका, पुण्याला जाताना चार्जिंगसाठी दोनदा थांबावं लागेल. तास-तासभर."

मी उठलोच. बायकोला म्हणालो, "चल गं. रस्त्यात बसून राहणारी गाडी आपल्याला नको. आपली जुनी फटफटी आठव, कधी थांबली का कुठं?"

"मुदखेडला थांबायची की," ती म्हणाली. "बरोबर माझ्या बापाच्या दारात."

मुदखेड तिचं माहेर. लग्नाआधी तिचं घर जवळ आलं की मी गुपचूप पेट्रोलचा कॉक बंद करायचो. गाडी बिघडली म्हणायचो अन् ओसरीवर चहा पीत बसायचो. चाळीस वर्षं मला वाटत होतं, ही लबाडी माझी मलाच ठाऊक.

"अगं, तो बिघाड होता," मी म्हणालो.

"कॉक बंद हाय, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मिस्त्री भोकरला गेलाय, सांजच्याला येईल, असं बाबाला मीच सांगायचे. तवा दिवसभर बसायला लई गोड वाटायचं, अन् आता माझ्यासंगं तासभर बसायचं तर जिवावर येतं व्हय?"