वाशीत घेतलेलं नाव

वाशीला पहिल्यांदा येणार असाल तर बिल्डिंगचा नंबर पाठ करून ठेवा हं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी भाजी आणायला उतरले आणि परतताना पाहते तर चहूकडे एकसारख्या चार मजली इमारती! जत्रेतही मी इतका आ वासला नव्हता. आता घरी जायचं कसं?

वॉचमनकाकांनी विचारलं, "कुणाकडे जायचंय? नाव सांगा."

नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी मान खाली घालून म्हटलं,

"खाडीवरच्या पुलावर वारा सुटला भरभर,
वसंतरावांचं नाव घेते, दाखवा माझं घर."

वर गॅलरीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र गंभीरच.

"वहिनी, इथं वसंतराव पाच आहेत. आडनाव सांगा, त्याला उखाणा लागत नाही."